सातबाऱ्यावरचं दुसरं नाव

वेळ कसा खर्च होतो हे मोजणाऱ्या देशव्यापी पाहणीनुसार २०२४ मध्ये देशातले जे पुरुष घरकामाला हात लावतात, ते त्यावर दिवसाला सरासरी ८८ मिनिटं घालवतात आणि बायका २८९. शहरी घरांतला वाद बहुधा या मिनिटांवरच अडतो. पण भांडी घासणारा नवरा उद्या घासेनासा झाला, तर बायको फार तर रुसेल. मदत अशी देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. घरात जोर कुणाचा, हे बघायचं तर शेतकऱ्याच्या घरी कागद काय म्हणतो ते पाहावं.

निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, शेणपाणी बाईकडे. सातबारा नवऱ्याच्या नावावर. म्हणून पीककर्ज त्याला, नुकसानभरपाई त्याला, विकास सोसायटीत मतही त्याचंच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतीखात्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांची निघाली.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी हे दुखणं शेतकऱ्याच्याच हिशेबात मांडलं. १९८६ मध्ये चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. सरकार आपल्या घामाचं देणं लागतं म्हणता, मग घरातल्या लक्ष्मीचं देणं आधी फेडा, असा तिचा रोख होता. बायकोच्या नावे जमीन करणारे शंभर जण निघाले, की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात गाजलं. समतेचं व्याख्यान न देता कर्जफेडीची भाषा वापरणं, ही मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. पण देणारा अखेर नवराच. कुठला तुकडा द्यायचा, बागायत की बांधालगतचा खडकाळ, हेही तोच ठरवणार.

१९९२ मध्ये राज्य सरकारने लक्ष्मीमुक्ती याच नावाने निर्णय काढला. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज करायचा, फेरफार होऊन बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. खरेदीखत नको, बक्षीसपत्र नको. इतकं सोपं असूनही नावं का लागत नाहीत? बऱ्याच घरांत जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर असते; नवऱ्याचंच नाव नाही, तर बायकोचं कुठून लागणार? जिथे वाटणी झालेली असते, तिथे भाऊबंद विचारतात, उद्या ही माहेरी निघून गेली तर?

नाव लागलं, की तिच्या सहीशिवाय तिचा हिस्सा विकता येत नाही. विधवा झाली तर निदान या हिश्श्याच्या नोंदीसाठी दिराच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. वारसाहक्काने हिस्सा तिला मिळतोच, पण हक्क असणं आणि नोंद होणं यांत वर्षं जातात.

मात्र नाव लागल्यावर कर्जही तिच्या नावावर निघतं आणि बोजा चढतो. सोसायटीच्या कागदावर सही कुठे करायची, ते बोट ठेवून अजून नवराच दाखवतो. कागद आधी वाचून दाखवा, असं म्हणणारी बाई सोसायटीच्या ओट्यावर अजून क्वचितच दिसते.