एक द्रव्य, अनेक कामे

औषधशास्त्राचा विषय आणि बोलणारा कामगार संघटनेचा कार्यकर्ता, हे पाहून श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही डॉक्टर नाही. कॉलेजची पायरीही कधी चढलो नाही. परंतु आम्ही ज्यांच्यात वावरलो, त्यांच्यापैकी कित्येकजण अंगदुखीची गोळी खाऊन पाळी भरतात आणि पुढे जठराच्या व्रणाने अंथरूण धरतात. ही गोळी करते तरी काय, याचा शोध घेता घेता आम्ही प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यापाशी येऊन पोचलो.

१९३५ च्या सुमारास स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांना हे द्रव्य वीर्यात आढळले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावे, अशा समजुतीने त्यांनी त्याला हे नाव दिले. पुढे कळले की, शरीरातील बहुतेक सर्व पेशी ते बनवितात. पेशीच्या आवरणात ॲराकिडॉनिक आम्ल असते; त्यावर एका विशिष्ट विकराची क्रिया झाली म्हणजे प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. संप्रेरके रक्तातून दूरवर जातात. ही मात्र बनतात तेथेच काम करून थोड्याच वेळात नाश पावतात. गिरणीत हेड ऑफिसचा हुकूम निराळा आणि खात्यातल्या मुकादमाची हाक निराळी, तसाच हा प्रकार होय.

आता गंमत पाहा. सांध्याला इजा झाली की ठणका आणि सूज वाढविणारी हीच द्रव्ये; आणि जठरात आम्लाला आवर घालून अस्तरावर श्लेष्म्याचा थर राखणारीही हीच. ॲस्पिरिन त्यांची निर्मितीच बंद पाडते, हे १९७१ साली लंडन येथे जॉन व्हेन यांनी दाखविले. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचेही तसेच. ठणका थांबतो, पण पोटाचा पहारेकरीही उठून जातो. गोळी रक्तातूनही हे काम करीत असल्यामुळे जेवणानंतर घेतली म्हणजे धोका टळला, असे मानू नये. या संशोधनाबद्दल व्हेन, बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूळ द्रव्य शरीरात टिकत नाही, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत फेरफार करून औषधे बनविली. काचबिंदूत लॅटॅनोप्रोस्टचा थेंब डोळ्यातील द्रवाला वाट करून देतो व दाब उतरवितो. मूळ द्रव्यांपैकीही काही औषध म्हणून वापरतात. हृदयात जन्मजात दोष असलेल्या काही अर्भकांत, शस्त्रक्रिया होईपर्यंत एक रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी अल्प्रोस्टॅडिल शिरेवाटे सतत देतात.

परंतु आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती मिसोप्रोस्टॉलची गोळी. ती मुळात जठराच्या व्रणासाठी निघाली. तिने गर्भाशय आवळला जातो, हा तिचा दोषच पुढे गुण ठरला. बाळंतपणानंतर गर्भाशय नीट आवळला गेला नाही, तर रक्त थांबत नाही आणि बाई काही तासांत दगावू शकते. यावर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय; पण त्याला थंड पेटी हवी आणि सुई टोचणारा हात हवा. गोळीला दोन्ही लागत नाहीत. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर झालेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. परिचारिकांनी निम्म्या स्त्रियांना ही गोळी व निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली. दिखाऊ गोळीच्या गटात शंभरात १२ जणींना अतिरक्तस्राव झाला. औषधाच्या गटात प्रमाण ६.४ वर आले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत या उपयोगाची नोंद केली.

तथापि हे दुधारी हत्यार आहे. रक्तस्राव टाळण्यासाठीची मात्रा मूल जन्मल्यावरच द्यावयाची. ती आधी दिली तर गर्भाशय फाटण्याचे भय असते. गर्भार स्त्रीने व्रणासाठी ही गोळी घेतल्यास गर्भपात होऊ शकतो. म्हणून ती जाणत्याच्या हातूनच घ्यावी.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दुखणे दाबून रोज पाळी भरावी लागत असेल, तर डॉक्टरला दाखवा. आणि कामच अंग मोडणारे असेल, तर त्याची तक्रार संघटनेकडे आणा. दुसरे, घरात बाळंतपण जवळ आले असेल, तर रक्त थांबविण्याचे औषध उपकेंद्रात शिल्लक आहे काय, हे आधीच जाऊन विचारा. तो आपला हक्क आहे, आणि विचारायला कोणतीही पदवी लागत नाही.