प्रवासी अतिसार
प्रवासी अतिसार हा परदेश प्रवासात दूषित अन्न वा पाण्यामुळे होणारा पचनसंस्थेचा विकार आहे. इ. कोलाय जिवाणूचे विषनिर्मिती करणारे प्रकार हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

प्रतिबंध: अन्न नुकते शिजवलेले व वाफाळते असावे, कापून ठेवलेली फळे व कच्ची कोशिंबीर टाळावी. पाणी खळखळून १ मिनिट उकळावे. २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर ते कमी तापमानास उकळत असल्याने ३ मिनिटे उकळावे. गोठल्याने सर्व जंतू मरत नाहीत. म्हणून बर्फही वर्ज्य मानावा.

उपचार: जुलाबांमुळे शरीरातील पाणी व क्षार घटतात. १ लिटर शुद्ध पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे प्यावे. शौचातून रक्त पडल्यास किंवा तीव्र ताप आल्यास त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.