मुलांना देव शिकवायचा कोणी? नगर आणि केडगावच्या दोन ख्रिस्ती घरांची गोष्ट

मोबाइलवर 'केडगाव' असं टाइप करून बघा. एक केडगाव दिसेल अहिल्यानगरमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरमध्ये. पुणे रस्त्यावरचं, महापालिकेच्या हद्दीतलं उपनगर. तिथली रेणुकामाता प्रसिद्ध आहे, नवरात्रात रांगा लागतात. दुसरं केडगाव पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. अनेकांचा या दोन नावांत गोंधळ होतो.

पण एक प्रश्न असा आहे, ज्याचं उत्तर शोधायला नगर आणि दौंडचं केडगाव ही दोन्ही ठिकाणं लागतात. आईवडिलांची श्रद्धा मुलांपर्यंत कशी पोचते? ती पोचवायचा हक्क कोणाचा? आणि आईवडिलांचीच श्रद्धा अजून घडत असेल, तर?

सव्वाशे वर्षांपूर्वी दोन मराठी ख्रिस्ती घरांनी या प्रश्नाचा सामना केला. एक घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंचं. दुसरं पंडिता रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचं.

आधी समजून घेऊ, ख्रिस्ती पालकत्व म्हणजे काय?

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती समाज जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ मध्ये सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरमधूनच निघालं. जिल्ह्यात प्रोटेस्टंटही आहेत आणि कॅथलिकही. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाउलीची यात्रा दर सप्टेंबरमध्ये भरते.

या घरांमध्ये मुलांवरचे संस्कार साध्या गोष्टींतून होतात. जेवणाआधी दोन मिनिटांची प्रार्थना. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून बायबलमधला एखादा उतारा वाचणं. 'उपासना संगीत'मधलं एखादं गीत म्हणणं. कॅथलिक घरांत रोझरी. रविवारी मुलांसाठी संडे स्कूल, ज्याला जुनी मंडळी शब्बाथशाळा म्हणतात.

यामागची कल्पना बायबलमधलीच आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सहावा अध्याय सांगतो, की देवाची वचनं मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना शिकवावीत. म्हणजे धर्मशिक्षणाचा वेगळा तास नाही, दिवसभराचं जगणं हाच तास. पण त्याच अध्यायात मुलांच्या आधी मोठ्यांचा नंबर लागतो. ही वचनं आधी तुमच्या स्वतःच्या मनात असू द्या, असं तिथे सांगितलंय. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तर बापांना थेट बजावलंय, की मुलांना चीड येईल असं वागू नका.

थोडक्यात, पालकाची स्वतःची आध्यात्मिक वाढ आणि मुलांचं संगोपन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, ते टिळकांच्या घरात बघू.

एक घर, दोन धर्म

नारायण वामन टिळक हे कोकणातल्या करजगावचे चित्पावन ब्राह्मण, जन्म १८६१ चा. कवी आणि संस्कृतचे जाणकार. एकदा रेल्वे प्रवासात एका अनोळखी युरोपियन माणसाने त्यांना नवा करार वाचायला दिला. पुढे दोनेक वर्षं विचार, वाचन आणि पत्रव्यवहार करून त्यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

इकडे घरी काय झालं? लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नवरा ख्रिस्ती झालेला. त्या काळात याचा अर्थ नातं, पंगत, पाणी, सगळं तुटणं. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या.

नंतर त्या टिळकांकडे परतल्या, पण धर्म बदलून नाही. आपलं सोवळं सांभाळून, स्वतःचा स्वयंपाक वेगळा ठेवून. म्हणजे वडील ख्रिस्ती, आई सोवळ्यातली आणि मुलगा दोघांच्या मध्ये.

टिळकांनी या काळात बायकोवर धर्म लादला नाही. आणि लक्ष्मीबाईंचं मन बदललं, ते कुणाच्या प्रवचनाने नाही. राहुरीत राहत असताना त्यांच्या डोक्यात जातीचा विचार सुरू झाला. माणसं देवाने केली, मग जाती कुणी केल्या? या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं आणि आपण यापुढे कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ, असं ठरवलं. आधी सोवळं सुटलं, श्रद्धा मागून आली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग हे घर आदर्श होतं का?

अजिबात नाही. आणि हे कुणा टीकाकाराने नाही, खुद्द लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय.

त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांपैकी एक मानलं जातं. त्यात टिळकांचा तापट स्वभाव आहे. हातात आलेले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळं होण्याची सवय आहे, आणि मग घर चालवताना लक्ष्मीबाईंची होणारी तारांबळही आहे. भांडणं आहेत, रुसवे आहेत. धर्मोपदेशकाच्या घराची चकचकीत जाहिरात तिथे नाही.

तरीही त्या घराने मुलांना काय दिलं, ते बघण्यासारखं आहे. टिळकांना 'फुलामुलांचे कवी' म्हणतात. लहान मुलांसाठी त्यांनी भरपूर लिहिलं. घरात स्वतःच्या मुलांबरोबर बाहेरची गरजू मुलंही राहायची. तारा नावाची मुलगी या घराची लेक झाली. नगरमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा नवरा-बायको दोघंही रुग्णांच्या सेवेत होते. या घरातल्या मुलांनी प्रार्थना ऐकल्या असतील, तशी अनोळखी माणसासाठी वाढलेली पानंही बघितली.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या. टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहून पूर्ण केलं. आईची वाढ मुलं मोठी झाल्यावरही थांबली नव्हती.

आता दुसरं घर : आई एकटी, मुलगी लहान, देश परका

पंडिता रमाबाईंचं लग्न बंगालमधले वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि पुढच्याच वर्षी बिपिनबाबू गेले. १८८३ मध्ये रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सिस्टर्सच्या मठात राहत असताना त्याच वर्षी दोघींचा बाप्तिस्मा झाला.

इथून खरा पेच सुरू झाला. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण चर्चचा प्रत्येक सिद्धांत डोळे मिटून मान्य करायला तयार नव्हत्या. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना हे पटत नव्हतं. आपण मोठ्या कष्टाने भारतातल्या पुरोहितांचं जोखड उतरवलंय, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं रमाबाईंनी त्यांना कळवलं.

वाद मनोरमेपर्यंत पोचला. मुलीला चर्चच्या चौकटीतच शिकवलं पाहिजे, असं सिस्टर्सचं म्हणणं. मुलीने काय शिकायचं हे तिची आई ठरवेल, असं रमाबाईंचं. आपल्या मुलीने आपल्या देशबांधवांवर त्यांच्यातलीच एक होऊन प्रेम करावं, परकी किंवा वरचढ होऊन नाही, ही त्यांची इच्छा होती. हा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपात प्रसिद्ध झालाय. एकट्या विधवा आईने, ज्यांच्या आश्रयाला आपण आहोत त्यांनाच असं ठणकावणं त्या काळात सोपं नव्हतं.

उघड्या दाराचा वाद

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. संस्थेत कुणालाही धर्म शिकवला जाणार नाही, अशी हमी होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार होते.

याच काळात रमाबाईंच्या मनात मोठा बदल झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांना वाटू लागलं. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना तो अनुभव आला. नंतर त्यांनी तो स्वतःच लिहून ठेवला. त्या आपल्या खोलीत लेकीसोबत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली आत येऊन बसू लागल्या.

बातमी बाहेर गेली. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

यात चूक कोणाची? रमाबाईंची बाजू अशी, की मी कुणाला बोलावलं नाही. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या लेकीसोबत प्रार्थना करायला मी दार का लावून घेऊ? पालकांची बाजू अशी, की लहान, निराधार मुलींवर त्यांच्या आधारकर्तीचा प्रभाव पडणारच, त्याला वेगळं बोलावणं लागत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये रमाबाई ज्या जागी उभ्या होत्या, त्याच जागी आता पुण्यातले पालक उभे होते.

नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुलींना केडगावला आणलं. तिथे मुक्ती उभं राहिलं, आणि इथे ख्रिस्ती श्रद्धा लपवलेली नव्हती. मनोरमा शिकून आईच्या कामात उजवा हात झाली. १९२१ मध्ये ती गेली, आणि १९२२ मध्ये रमाबाई.

आज कायदा काय सांगतो?

सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये ही तरतूद आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आणखी एक पाऊल पुढे जातो. विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य मुलालाही आहे. पालकांनी वाट दाखवावी, पण मुलाची समज वाढेल तशी, असं त्याचं चौदावं कलम सांगतं.

चर्चच्या परंपरेतही याला जागा आहे. अनेक पंथांत बाळपणी बाप्तिस्मा होतो, पण कळत्या वयात दृढीकरणाच्या वेळी मुलाला स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणावं लागतं. काही पंथ तर बाप्तिस्माच कळत्या वयात देतात.

मग यातून घ्यायचं काय?

घरात कुठलाही देव असो, किंवा नसोही, या दोन घरांतून तीन गोष्टी दिसतात.

एक, मुलं ऐकतात त्यापेक्षा बघतात जास्त. जेवणाआधीची प्रार्थना आणि जेवणानंतर कामवाल्या ताईंशी बोलण्याचा सूर, दोन्ही त्यांच्या लक्षात राहतं.

दोन, पालकाने आधी परिपूर्ण व्हायची गरज नाही. टिळक तापट होते, लक्ष्मीबाई वर्षानुवर्षं साशंक होत्या, रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. चुकल्यावर मुलासमोर 'माझं चुकलं' म्हणता येणं, हीसुद्धा शिकवणच आहे.

तीन, दार उघडं ठेवणं आणि आत ओढणं यात फरक आहे. पण तो फरक मोठ्यांना जितका स्पष्ट दिसतो, तितका मुलांना दिसत नाही. म्हणून काळजी मोठ्यांनीच घ्यायची.

आणि दत्तूचं पुढे काय झालं? दोन धर्मांच्या मध्ये वाढलेला तो मुलगा म्हणजेच देवदत्त नारायण टिळक. त्याने वडिलांचा आणि आईचा लेखनवारसा सांभाळला, आणि १९६० मध्ये एक चरित्र लिहिलं. त्याचं नाव 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई'. नगरच्या घरातल्या मुलाने केडगावच्या आईची गोष्ट मराठीत सांगितली.