सिम्युलेटरवर गाडी शिकताना



आमच्या भिवंडीतल्या बचत गटांच्या बैठकीत हल्ली एक मागणी वारंवार येते. गाडी शिकायची आहे. कुणाला रिक्षा चालवायची आहे, कुणाला गोदामाचा माल पोचवायला छोटा टेम्पो. ठाण्यात 2016 पासून अबोली रंगाच्या रिक्षा बायका चालवतात, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. राज्य सरकारची पिंक ई-रिक्षा योजनाही आली. त्यात 20 टक्के पैसे सरकारचे, 10 टक्के आपले आणि 70 टक्के बँकेचं कर्ज. म्हणजे पैशांची वाट निघू शकते. भीतीचं काय? मानकोली, अंजूरफाटा, काल्हेर, पूर्णा या भागात रात्रंदिवस कंटेनर धावतात. तिथे पहिल्यांदा क्लच सोडायचा म्हणजे पोटात गोळा येतोच.

काही ड्रायव्हिंग स्कूल आता सांगतात, "आमच्याकडे सिम्युलेटर आहे," आणि त्याची फी वेगळी लावतात. गटातून कर्ज काढून ती फी भरायची, तर हे यंत्र काय आहे, ते आधी समजून घेऊ या.

सिम्युलेटर म्हणजे जागेवरून न हलणारी गाडी. सीट, स्टिअरिंग, क्लच, ब्रेक, गिअर सगळं खरं. काचेच्या जागी मात्र टीव्हीसारखे पडदे असतात. आपण स्टिअरिंग फिरवलं की पडद्यावरचा रस्ता वळतो, ब्रेक दाबला की थांबतो. धडक बसली तर पडद्यावर. कुणाला खरचटत नाही, गाडीला पोचा पडत नाही.

हा रस्ता म्हणजे आधी घेतलेला व्हिडिओ नसतो. व्हिडिओ आपल्या स्टिअरिंगप्रमाणे वळणार नाही. इथे संगणक प्रत्येक क्षणी नवं चित्र काढतो. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. नेहमीच्या एका पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके असतात. हालचाल सलग दिसायची तर ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून नव्याने भरायची. एका पडद्याचे झाले सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपके. पडदे तीन असले तर सदतीस कोटी.

एकट्या बाईने हे कसं भरावं? पापडाचं उदाहरण घ्या. एक हुशार बाई हिशेब, खरेदी, गिऱ्हाईक सगळं सांभाळते, पण पापड लाटायला एकटी पुरत नाही. शंभर जणी लाटायला बसल्या की ढीग पडतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर ही ती हिशेब सांभाळणारी बाई. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकाच प्रकारचं छोटं काम एकाच वेळी करणाऱ्या त्या शेकडो जणी.

शिवाय काटकसर असते. पडद्यावरचा ट्रक छोट्या छोट्या त्रिकोणांचा सांगाडा असतो, त्यावर छापील कापड ताणून बसवावं तसं रंगाचं चित्र बसवलेलं असतं. जवळच्या ट्रकला हजारो त्रिकोण, लांबच्या ट्रकला मोजकेच. तो ठिपक्याएवढाच दिसणार असेल तर त्याचे नटबोल्ट कशाला काढायचे? भिंतीमागे झाकलेलं घर तर काढायचंच नाही. जे दिसणार आहे त्यावरच मेहनत करायची, यातूनच हे काम स्वस्त झालं.

पूर्वी ते फार महाग होतं. संगणकाच्या आधी विमानाच्या सिम्युलेटरसाठी गावाची, शेतांची, धावपट्टीची छोटी प्रतिकृती बनवत आणि तिच्यावरून कॅमेरा फिरवत. 1968 मध्ये अमेरिकेत इव्हान्स अँड सदरलँड ही कंपनी निघाली आणि सिम्युलेटरसाठी संगणकाने चित्रं काढणारी यंत्रं बनवू लागली. त्यांच्या किमती लाखो डॉलरच्या घरात. गिऱ्हाईक कोण, तर लष्कर आणि विमान कंपन्या.

1980 च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी सिमनेट नावाचा प्रकल्प झाला. त्यांना शेकडो रणगाड्यांचे सिम्युलेटर एकमेकांना जोडायचे होते, पण खर्च परवडेना. मग त्यांनी विचारलं, आतल्या सैनिकाला दिसतं तरी किती? रणगाड्यातून बाहेरचं जग अरुंद फटींतूनच दिसतं. म्हणून त्यांनी साध्या चित्रावर भागवलं आणि पैसा रणगाडे एकमेकांशी जोडण्यावर लावला. चित्र देखणं नव्हतं, तरी सराव झाला.

पुढची स्वस्ताई आणली पोरांच्या गेमनी. 1996 च्या सुमारास घरच्या संगणकात बसणारी ग्राफिक्स कार्डं बाजारात आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी 'डूम' हा दुकानात मिळणारा गेम बदलून सरावाला घेतला. गेमसाठी कोट्यवधी कार्डं खपली, तशा किमती उतरल्या. आज ड्रायव्हिंग स्कूलच्या सिम्युलेटरमध्ये गेम खेळायच्या संगणकातलंच कार्ड असू शकतं.

आपल्याकडेही हे काम होतं. हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज 1993 पासून आहे, ती लष्करासाठी आणि वाहनचालकांसाठी सिम्युलेटर बनवते. मुंबईची टेक्नोट्रोव्हही वाहनांचे सिम्युलेटर बनवते. लष्कराला याची गरज का, ते सोपं आहे. रणगाडा एक किलोमीटर जायला दोन लिटरहून जास्त डिझेल पितो. हवेत इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये पुन्हा पुन्हा चुकून शिकता येत नाही. आपल्याच महामार्गाने नाशिकला गेलं की तिथे लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा आहे. मे 2022 मध्ये तिथूनच कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून बाहेर पडल्या.

मैत्रिणींनो, आपल्या रस्त्यावरची चूकही तितकीच महाग आहे. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. म्हणून चुका पडद्यावर करून घेतलेल्या बऱ्या. चढावर गाडी मागे घसरली, मध्येच मूल धावत आलं, धुवाधार पावसात पुढचं दिसेना, असे प्रसंग तिथे दहा वेळा उभे करता येतात.

आणखी एक उपयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. चांगल्या सिम्युलेटरवर अवजड गाडीच्या चालकाच्या जागी बसता येतं. तिथून कळतं, की कंटेनरच्या डाव्या अंगाला अगदी खेटून चाललेली स्कूटी किंवा पायी जाणारी बाई चालकाला दिसतच नाही. गोदामातून सुटून रस्त्याच्या कडेने घरी जाणाऱ्या प्रत्येकीने हे एकदा पाहावं. गाडी शिकायची नसली तरीही.

आता यंत्राला काय जमत नाही, तेही ऐका. खड्ड्यात चाक आदळल्याचा खरा हिसका, भरलेल्या टेम्पोचं वजन, मागून वाजणाऱ्या हॉर्नने होणारी घालमेल हे साध्या यंत्रात येत नाही. काहींना पडद्याकडे पाहून मळमळतं, डोकं गरगरतं. तसं झालं तर थांबा, उतरा, लाजू नका. त्यानंतर लगेच खरी गाडी हातात घेऊ नका.

फी भरण्याआधी पाच प्रश्न विचारा. एक, पडदे किती? समोर एकच असेल तर बाजूने येणारी मोटरसायकल कशी पाहणार? आरशात मागचं दिसतं का, तेही बघा. दोन, रस्ता आपला आहे का? स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, आणि रस्त्यात रिक्षा, हातगाडी, उलट्या बाजूने येणारा दुचाकीवाला. परदेशातला गुळगुळीत हायवे आपल्या काय कामाचा? तीन, स्टिअरिंग फिरवताच चित्र फिरतं, की मागून येतं? मागून येत असेल तर हाताला चुकीची सवय लागेल. चार, शेवटी चुकांचा कागद मिळतो का आणि तो कुणी समजावून सांगतं का? पाच, सिम्युलेटरचे तास वेगळे आणि रस्त्यावरचे तास वेगळे लिहून देता का? यंत्रावर बसवून रस्त्याचे तास कापले, तर तो सौदा तोट्याचा.

केंद्र सरकारच्या नियमाने जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची सोय आहे. तिथे सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणी ट्रॅक असावा लागतो. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम 29 तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायचा. त्या केंद्रातून उत्तीर्ण झालं तर आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. पण सिम्युलेटर आहे म्हणजे मान्यता आहे, असं नाही. मान्यतेचा कागद मागून बघा.

आमच्या गटांत आम्ही एक पद्धत ठेवली आहे. गाडी शिकायला कर्ज मागणाऱ्या ताईने आधी दोन ठिकाणी जाऊन हे पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं बैठकीत सांगायची. मग पैसे द्यायचे. पडद्यावरचं झाड किती हिरवं आहे, यावर भुलायचं नाही. आपल्याला रस्त्यावर जे बघावं लागणार, ते त्यात दिसतंय का, एवढंच बघायचं.