छपराच्या पाण्याला आधी वाट दाखवा



आज आपण बोलणार आहोत पावसाच्या पाण्याबद्दल. पण शेतातल्या नाही, तर आपल्या गटाच्या शेडवर, गोदामावर, दुकानाच्या गाळ्यांवर पडणाऱ्या पाण्याबद्दल. आता कितीतरी गटांनी स्वतःच्या शेड उभ्या केल्यात. कुठे पापड, कुठे मसाला, कुठे डाळ मिल, कुठे तेलाचा घाणा. शेड बांधताना आपण काय बघतो? मशीन कुठे बसेल, लाईट कुठून येईल, फरशी कुठली घालायची, शटर किती मोठं. पण एवढ्या मोठ्या पत्र्यावर पडलेलं पाणी जाणार कुठे, हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

आमचा गट पाटण भागातला. नाचणीचे पापड आणि सत्त्व करतो. कर्ज काढून शेड बांधली. पहिल्याच जुलैत एका रात्री धो-धो पाऊस झाला. पन्हळ भरली आणि पाणी भिंतीच्या आतल्या बाजूनं उतरायला लागलं. पुढच्या अंगणाचा उतार दाराकडेच होता, त्यामुळे शटरच्या खालूनही पाणी आत आलं. नाचणीची पोती जमिनीवर रचलेली. दोन दिवसांनी पोती उघडतोय तर दाण्यांना मोड आलेले! मागच्या बाजूला तर आणखी वेगळंच झालं. छपराचं सगळं पाणी एका धारेनं शेजारच्या आत्याबाईंच्या भातखाचरात पडलं आणि त्यांचा बांध फुटला. नुकतीच लावलेली रोपं गाळाखाली गेली. आमचं नुकसान झालं ते झालं, पण आत्याबाई आमच्याशी बोलेनाशा झाल्या, ते जास्त लागलं.

मग आम्ही एका जाणत्या इंजिनियर भाऊंना बोलावलं. त्यांनी आधी आम्हाला हिशोब शिकवला. तो तुम्हीही लिहून घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. आमची शेड २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे साधारण ६५ फूट बाय ३३ फूट. झाली २०० चौरस मीटर. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावर २० हजार लिटर पाणी. पाच हजार लिटरचे चार टँकर! आपल्या घाटाकडच्या भागात एवढा पाऊस म्हणजे काही नवल नाही. आणि नुसतं छप्पर कशाला? एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. दहा गुंठ्यांची जागा असेल, तर त्याच पावसात तिच्यावर एक लाख लिटर पाणी पडतं. शेतात निम्मंअर्धं पाणी जमिनीत मुरतं. पत्रा आणि काँक्रीट काहीच मुरवत नाही. म्हणून शेड आली की पाणी वाढल्यासारखं वाटतं.

माण-खटावकडच्या सख्या म्हणतील, आमच्याकडे कुठला एवढा पाऊस? पण ताई, पाइप किती मोठा लागेल हे वर्षाच्या पावसावर ठरत नाही. सर किती जोराची येते, त्यावर ठरतं. वर्षाचा पाऊस थोडा असला तरी वळीव एका तासात झोडपून काढतो. म्हणून हिशोब तासाचा धरायचा. ताशी १०० मिलिमीटरची सर धरली, तर चार इंची एक उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर छपराचं पाणी खाली उतरवतो. तीन इंची पाइप त्याच्या निम्मंच, २० चौरस मीटरचं. आमच्या शेडला दोन्हीकडे उतार, म्हणजे एका बाजूला १०० चौरस मीटर. तिथे चार इंची तीन पाइप हवेत, दोन्ही बाजूंचे मिळून सहा. आणि आमच्याकडे होते किती? तीन इंची, फक्त दोन! पाच घागरी पाणी ओतायचं आणि खाली भांडं एका घागरीचं, अशी गत.

आता काम कोणत्या क्रमानं करायचं ते बघू.

सगळ्यात आधी शेवट ठरवायचा. पाणी आपल्या जागेतून बाहेर कुठे पडणार? ओढ्याला, रस्त्याकडेच्या गटारात, तळ्यात, की साठवण टाकीत? ती जागा आपल्या अंगणापेक्षा खाली आहे ना, हे गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल नळीनं मोजून घ्यायचं. डोळ्यानं अंदाज करायचा नाही, डोळा फसतो. बाहेरचं गटारच आपल्या अंगणापेक्षा वर असेल, तर कितीही महागडा पाइप टाका, पाणी उलटं आत येणार. म्हणून जोतं घालायच्या आधी हे बघायचं. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच हवं. रस्ता नव्यानं झाला की वर चढतो, तेही मनात धरायचं.

दुसरं, छप्पर. पन्हळीला पाइपाकडे थोडा ढाळ हवा. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जरा खाली ठेवायला सांगा. याचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस कुठलीच पन्हळ पेलू शकत नाही. पण कड बाहेरून खाली असेल, तर जास्तीचं पाणी बाहेर सांडतं, भिंतीत आणि मालावर येत नाही. पाइपाच्या तोंडाला जाळीची टोपी बसवा, नाहीतर पालापाचोळा आणि चिमण्यांची घरटी पाइप बंद करतात.

तिसरं, जमीन. शेडच्या चारी बाजूंनी अंगणाचा उतार भिंतीपासून बाहेर हवा. टेम्पो मागे घेण्यासाठी शटरसमोर उतरण करतात. ती दाराकडे उतरत असेल, तर दारासमोर आडवी चर काढून तिच्यावर लोखंडी जाळी टाका. जाळी टेम्पोचं वजन पेलेल अशी जाड हवी. कडेनं फूटभर रुंद, फूटभर खोल उघडी चर काढली, तर दहा गुंठ्यांच्या अंगणाला पुरते. पुरलेल्या पाइपापेक्षा उघडी चर बरी, कारण काय तुंबलंय ते दिसतं आणि आपली आपल्याला फावड्यानं काढता येतं. जिथे पाइप पुरावाच लागेल, तिथे सहा इंचांपेक्षा लहान नको. दहा फुटांना सव्वा इंच ढाळ द्या. प्रत्येक वळणावर चेंबर बांधा आणि चेंबरचा तळ पाइपाच्या खाली फूटभर ठेवा. माती तिथे बसते, पुढे जात नाही.

चौथं फार महत्त्वाचं. पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकत्र करायचं नाही. मशीन धुतलेलं तेलकट, पिठाळ, तिखट पाणी वेगळ्या वाटेनं जायला हवं. संडासच्या टाकीत पावसाचा पाइप सोडला, तर पहिल्याच जोराच्या पावसात टाकी उफाळून वर येते. आणि धुण्याचं पाणी पावसाच्या चरीत सोडलं, तर ते थेट ओढ्याला मिळतं. खाली कुणाची तरी विहीर असते, गुरं पाणी पितात. पाणी दूषित होऊ नये म्हणून १९७४ पासून कायदाही आहे. कारखाना लहान असला म्हणून त्यातून सुटका नाही.

छपराचं पाणी मात्र त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. पहिल्या एक-दोन सरी धुऊन जाऊ द्यायच्या, नंतरचं टाकीत घ्यायचं. फरशी धुवायला, झाडांना ते उपयोगी पडतं. शोषखड्डा करणार असाल, तर आधी माती बघा. मुरमाड जमिनीत पाणी जिरतं. काळी चिकण माती फुगून बसते आणि खड्डा नुसता भरून राहतो. खड्डा भिंतीच्या पायापासून आणि संडासच्या टाकीपासून लांबच हवा.

पाचवी गोष्ट शेजाऱ्याची. वरच्या जमिनीवरचं पाणी आपसूक खालच्या जमिनीत उतरतं, त्याला खालच्यानं अडवू नये, हे १८८२ च्या कायद्यातही आहे. पण ते पसरून, आपल्या चालीनं उतरणारं पाणी. आपण पत्रा टाकला, पाइप लावले आणि सगळं पाणी एका धारेनं त्याच्या बांधावर सोडलं, तर ते आपसूक राहत नाही. आम्ही हेच केलं होतं. शेवटी गटातल्या सगळ्या जणी आत्याबाईंच्या ओट्यावर गेलो. चूक आमची, असं सरळ सांगितलं. त्यांच्या बांधाच्या कडेनं ओढ्यापर्यंत दगडी चर आमच्या खर्चानं काढून दिली आणि फुटलेला बांधही घालून दिला. आता त्याच चरीतून त्यांच्या खाचराचंही जादा पाणी जातं. रस्त्याच्या गटाराला जोडायचं असेल, तर आधी ग्रामपंचायतीला लेखी विचारा. एमआयडीसीचा भूखंड असेल, तर तिथल्या कार्यालयाची परवानगी घ्या.

ठेकेदाराशी बोलताना पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या. छप्पर किती चौरस मीटर? पाइप किती आणि किती इंची? ढाळ किती? सांडपाण्याची वाट वेगळी आहे का? पाणी शेवटी कुठे पडतं? शेवटचा हप्ता देण्याआधी टँकर बोलवा किंवा मोटर लावा, छपरावर पाणी सोडा आणि सगळ्या जणी चरीच्या कडेनं चालत शेवटापर्यंत जा. हजार-दीड हजार जातील, पण पावसाच्या रात्री कळण्यापेक्षा उन्हात कळलेलं बरं.

आणि एवढं सगळं केलं तरी साफसफाई चुकत नाही. मृग लागायच्या आधी एक रविवार ठरवून टाका. दोघींनी पन्हळीतला पाला काढायचा, दोघींनी चेंबरमधला गाळ, दोघींनी चर. गटाच्या वहीत तारीख आणि नावं लिहायची. पाऊसकाळातही दर पंधरा दिवसांनी एक नजर टाकायची. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवायची, मग शेड कितीही चांगली असो.

आमच्या शेडला आता सहा पाइप आहेत. गेल्या पावसात रात्री सर आली, तेव्हा मी उठून कंदील घेऊन बघायला गेले. आत फरशी कोरडी होती. बाहेर चरीच्या तोंडाशी आत्याबाई बॅटरी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाणी बरोबर जातंय बघ." मग आम्ही दोघी तिथेच थोडा वेळ बोलत उभ्या राहिलो.

नवी शेड बांधणार असाल, तर या बैठकीत पहिला विषय हाच घ्या.