तीन मिनिटांत अख्खा राग!

बालमित्रांनो, आपल्या नाशिकला पंचवटीत, इंद्रकुंडाजवळ पलुस्करांच्या नावाचं एक सभागृह आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलंही असेल. पण "हे पलुस्कर कोण?" असं विचारलं, की भले भले डोकं खाजवायला लागतात! खरं म्हणजे पलुस्कर दोन. एक वडील, एक मुलगा. दोघेही मोठे गवई. आजची गोष्ट आहे मुलाची; पण वडिलांशिवाय ती सुरूच होत नाही.

वडील म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. मूळ आडनाव गाडगीळ. सांगली भागातल्या पलूस गावावरून पलुस्कर झाले. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांचे डोळे अधू झाले. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. त्या काळी मोठे गवई बहुतेक राजेरजवाड्यांच्या आश्रयाला असत. साध्या माणसांच्या कानावर त्यांचं गाणं पडायचं कसं? तिकडे युरोपात पियानो वाजवणारे कलावंत तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करत. तिकीट काढलं की कुणीही आत जाऊन बसावं. विष्णु दिगंबरांनी आपल्याकडे तिकीट लावून मैफली केल्या. १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं दरबारातून लोकांत आणलं. पुढे नाशिकला त्यांनी रामनाम आधाराश्रम स्थापन केला.

नाशिकलाच २८ मे १९२१ रोजी त्यांचा मुलगा दत्तात्रेय जन्मला. पुढे सगळे त्याला प्रेमाने बापूराव म्हणू लागले.

२१ ऑगस्ट १९३१. विष्णु दिगंबर गेले. दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा, म्हणजे आजच्या पाचवीतल्या मुलाएवढा. वडिलांचं नाव देशभर गाजत होतं, पण शिकवायला वडीलच नव्हते. वारशात घर मिळतं, भांडीकुंडी मिळतात, तानपुरासुद्धा मिळतो. गळा मात्र ज्याचा त्यालाच तयार करावा लागतो.

मग या मुलाला शिकवलं कुणी? वडिलांच्याच शिष्यांनी! पंडित विनायकराव पटवर्धन आणि पंडित नारायणराव व्यास हे दोघेही नामवंत गवई. गुरूने जे आपल्याला दिलं, तेच त्यांनी गुरूच्या मुलाच्या हाती सोपवलं. चिंतामणराव पलुस्कर आणि मिराशीबुवा यांचंही मार्गदर्शन त्याला मिळालं.

१९३५ साल उजाडलं. पंजाबात जालंधरला १८७५ पासून हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं. देशभरातले गवई तिथे हजेरी लावतात. त्या मंचावर चौदा वर्षांचा दत्तात्रेय गायला बसला. आणि पंजाबच तो! विष्णु दिगंबरांनी जिथे विद्यालय काढलं, तोच मुलूख. वडिलांचं गाणं कानात असलेली माणसं समोर असणारच. विचार करा, वर्गात कविता म्हणायला उभं राहिलं तरी आपले पाय लटपटतात! मोठ्या बापाचा मुलगा म्हणून लोक एकदा कौतुकाने टाळी वाजवतात. पुन्हा बोलावणं येतं ते मात्र गाण्यासाठीच. बापूरावांना अशी बोलावणी येत राहिली. संगीत संमेलनांतून आणि रेडिओवरून त्यांचं गाणं घरोघर पोचलं.

१९४४ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तेव्हाची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. मैफलीत एकच राग तासभर रंगतो. तो तीन मिनिटांत कसा बसवायचा? नुसतं भराभर गाऊन भागत नाही; राग ओळखू आला पाहिजे, शब्द कळले पाहिजेत, ताना हव्यात आणि घाई दिसता कामा नये. बापूरावांना ते जमलं. त्यांचे गौडसारंग आणि तिलककामोद ऐका. छोट्याशा डबीत अत्तर असावं, तसा राग भरलेला आहे. गळा गोड आणि सूर स्वच्छ. त्यांचं घराणं ग्वाल्हेरचं, पण दुसऱ्या घराण्यातलं चांगलं तेही त्यांनी आपलंसं केलं. त्यांची भजनं तर गाण्यातलं काही न कळणाऱ्यालाही आवडतात.

१९५२ साली 'बैजू बावरा' हा हिंदी चित्रपट आला. त्यात तानसेन आणि बैजू यांची जुगलबंदी आहे. संगीतकार नौशाद यांनी तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँचा आवाज घेतला आणि बैजूसाठी पलुस्करांचा. गोष्टीत शेवटी बैजू जिंकतो. पण ती जुगलबंदी डोळे मिटून ऐका. हरला कोण, हे सांगताच येत नाही!

१९५५ साली भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर बापूराव चीनला जाऊन आले. त्याच वर्षी मेंदूच्या आजाराने ते गेले. ऑक्टोबरचा महिना. वय अवघं ३४.

कुणी म्हणेल, किती थोडं आयुष्य! खरंच थोडं. हळहळ वाटतेच. पण तीन मिनिटांच्या तबकडीला कुणी अपुरं गाणं म्हणत नाही. वेळ किती मिळाला हे आपल्या हातात नसतं. त्यात काय भरलं, हे पुष्कळसं आपल्या हातात असतं. "अभ्यासाला वेळच मिळत नाही, बाई," असं म्हणणाऱ्या माझ्या वर्गातल्या मंडळींनी हे जरा ध्यानात ठेवावं!

करून पाहा : आज रात्री जेवणं झाली, की आई-बाबांना द. वि. पलुस्करांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावायला सांगा. घड्याळ समोर ठेवा. गाणं किती मिनिटांत संपलं ते लिहा. मग तेच गाणं पुन्हा ऐका आणि पहिल्यांदा न ऐकू आलेली एक तरी गोष्ट शोधा. पालकांनो, तेवढी पाच-सात मिनिटं टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचं काम तुमचं!