तैलरंग वाळतात म्हणजे काय होते?

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला त्वचेचा रंग लावायची घाई असते. शिक्षक मात्र त्याला आधी अंबर या तपकिरी मातीरंगाचा पातळ हात देऊन नुसता छायाप्रकाश मांडायला लावतात. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे पुसले जातात, उजेड-सावलीचे मोठे आकार उरतात. चेहऱ्याचे साम्य तेथेच साधते. पण सुरुवातीला अंबरच का?

ओला कपडा वाळतो तेव्हा पाणी उडून जाते. तैलरंगातले जवसाचे तेल उडून जात नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन घेते. या तेलात सुमारे निम्मा वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. ऑक्सिजनच्या क्रियेने हे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन घट्ट जाळे तयार होते. वर्गात पाहायचे असेल तर एका काचपट्टीवर जवसाचे कच्चे तेल व दुसरीवर खोबरेल पातळ पसरा आणि संवेदनक्षम तराजूवर रोज वजन करा. काही दिवसांत जवसाच्या पट्टीचे वजन वाढेल, वर पापुद्रा धरेल. खोबरेल जवळजवळ पूर्ण संतृप्त. ते थंडीत गोठेल, पण वाळणार नाही.

अंबरमध्ये मँगनीजची ऑक्साइडे असतात. ती या क्रियेला उत्प्रेरक ठरतात, म्हणून हा थर लवकर वाळतो. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले आणि वरचे अधिक तेलकट, हा नियमही याच कारणाने आहे. क्रम उलटला तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि नेमक्या गालावर भेगा पडतात.

जवसाचे तेल काळाने पिवळटते. म्हणून पांढरा रंग कधी कधी करडईच्या तेलात घोटतात. आपल्या मराठवाड्याच्या ओळखीचे हे तेल कमी पिवळे पडते. मात्र त्यात दोनच दुहेरी बंध असलेले लिनोलेइक आम्ल मुख्य असल्याने ते सावकाश वाळते. असा रंग तळाच्या थराला घेऊ नये.

या क्रियेत उष्णता बाहेर पडते, हे चित्रकलेच्या वर्गात सहसा सांगितले जात नाही. कॅनव्हासवर ती सहज विरून जाते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती आतच साठते आणि काडी न लावताही बोळा पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, किंवा उघड्यावर एकेक सुटी पसरून वाळू द्याव्यात.